तेवीस किल्ल्यांचा सौदा: मावळातील दोन तह आणि न्याय्य अदलाबदलीची कसोटी

१/ पुरंदरच्या तहाविषयी दोन मते ठामपणे मांडली जातात. पहिले असे की, तो सरळ पराभव होता, तेवीस किल्ले गेले. दुसरे असे की, ती दूरदृष्टीची खेळी होती, कारण पाच वर्षांत बहुतेक किल्ले परत आले. मात्र एखादी अदलाबदल न्याय्य की अन्याय्य, शहाणपणाची की मूर्खपणाची, हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न दोन्ही मते टाळून पुढे जातात. या थ्रेडमध्ये मावळच्या भूमीशी जोडलेले दोन तह त्या प्रश्नावर घासून पाहू: पुरंदर, १६६५ आणि वडगाव, १७७९.

२/ प्रश्न जुना असला तरी त्याचे एक आधुनिक रूप अनेकांच्या परिचयाचे आहे. १९८० मध्ये न्यूयॉर्कमधील डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलची एक कागदी लीग सुरू केली. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधायचा आणि हंगामभर त्यांच्या कामगिरीवर गुण मोजायचे. या खेळात खेळाडूंची अदलाबदल होते आणि दर वेळी तोच वाद पेटतो: हा सौदा रास्त आहे का? तो रद्द करण्याचा अधिकार कुणाला असावा?

३/ अनुभवी खेळाडू त्यावर एक नियम सांगतात: सौदा ज्या दिवशी झाला त्या दिवशीच्या माहितीवर तो तोलावा. याचे प्रसिद्ध उदाहरण खऱ्या बेसबॉलमधले आहे. जून १९६४ मध्ये शिकागो कब्जने तरुण लू ब्रॉक सेंट लुईसला देऊन एर्नी ब्रॉलिओ हा गोलंदाज घेतला. ब्रॉलिओने आदल्या हंगामात १८ सामने जिंकले होते, त्यामुळे सौदा शिकागोच्या पथ्यावर पडला असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढे ब्रॉलिओचा हात निकामी झाला आणि ब्रॉक महान खेळाडूंत गणला गेला. आज तो सौदा मूर्खपणाचा दाखला म्हणून सांगतात, पण त्या दिवशी तो तसा दिसत नव्हता.

४/ मावळाला अशी कसोटी बाहेरून आणण्याची गरज नाही. इथल्या खेड्यांत वतनाची, जमिनीची खरेदी-विक्री किंवा वाटणी होई, तेव्हा तंटा पडल्यास गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे मातबर जमत. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर साक्षीदारांच्या निशाण्या उमटत. पाटलाची निशाणी नांगराची. खरेदीखतात एक शब्द हमखास येई: 'आत्मसंतोषे'. देणाऱ्याने स्वखुशीने दिले, जोरजबरीने नव्हे, याची ती ग्वाही असे.

५/ या परंपरेतून तीन प्रश्न निघतात. एक, दिलेल्या आणि घेतलेल्या वस्तूंचे मोल त्या वेळी किती होते? दोन, देणाऱ्याने आत्मसंतोषे दिले का? तीन, करार करणाऱ्याला तो करण्याचा अधिकार होता का, आणि त्याने पडद्याआड स्वतःसाठी काही घेतले का? हे तीनही प्रश्न वेगवेगळे आहेत. इतिहासावरील बरेच वाद त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

६/ आता १६६५. आदल्या वर्षी जानेवारीत सुरत लुटली गेली होती आणि औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंगास दक्षिणेत धाडले. मार्च १६६५ मध्ये जयसिंग पुण्यात पोहोचला आणि महिनाअखेर पुरंदरला वेढा पडला. दिलेरखान वेढ्यावर होता. १४ एप्रिल रोजी पुरंदरचा जोडकिल्ला वज्रगड मोगलांच्या हाती गेला. वज्रगडावरून पुरंदरची माची तोफेच्या टप्प्यात येते. पुढच्या झुंजीत पुरंदरचा किल्लेदार मुरारबाजी देशपांडे पडला.

७/ जयसिंगाने केवळ वेढ्यावर भिस्त ठेवली नाही. दाऊदखान आणि कुतुबुद्दीनखान यांच्या तुकड्या त्याने मुलूख उद्ध्वस्त करण्यासाठी सोडल्या. मे महिन्याच्या आरंभी या फौजा लोहगडाच्या बाजूला वळल्या. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग या चार किल्ल्यांभोवतीची खेडी जाळण्यात आली, माणसे आणि गुरे धरून नेण्यात आली. किल्ले उभेच होते. मात्र किल्ल्याला धान्य, गवत आणि माणूस पुरवणारे गाव जळाले, तर किल्ला फार काळ उभा राहत नाही, हे जयसिंग जाणून होता.

८/ ११ जून रोजी शिवाजी महाराज पुरंदरच्या पायथ्याशी जयसिंगाच्या छावणीत आले. आधीची बोलणी रघुनाथपंतांनी केली होती. निकोलाओ मनुची हा इटालियन प्रवासी त्या वेळी छावणीत होता. पुढच्या एक-दोन दिवसांत तह ठरला. तेवीस किल्ले आणि सालीना ४ लाख होन वसुलाचा मुलूख बादशहाकडे जायचा. बारा किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख महाराजांकडे राहायचा. संभाजीराजांना पाच हजारांची मनसब मिळायची. महाराजांना स्वतः दरबारी चाकरीची सक्ती नव्हती, पण विजापूरच्या मोहिमेत मोगलांना फौजेनिशी मदत करायची होती.

९/ तेवीस किल्ल्यांच्या यादीत पवन मावळातील चौघेही आहेत: लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. (विसापूर यादीत 'इसागड' या नावाने येतो.) बोरघाट चढून कोकणातून पुण्याकडे येणारी वाट लोणावळा, कार्ले, वडगाव, तळेगाव अशी इंद्रायणीच्या खोऱ्यातून जाते. त्या वाटेवर लोहगड आणि विसापूर यांची नजर असते. त्यांच्या पलीकडे पवनेचे खोरे तुंग आणि तिकोना राखतात. चौघे एकदम देणे म्हणजे एका खोऱ्याचे कुलूप आणि किल्ली दोन्ही देणे होते.

१०/ पहिला प्रश्न मोलाचा. साधा हिशेब केला तर ३५ पैकी २३ किल्ले गेले, म्हणजे दोन तृतीयांश. ५ लाखांपैकी ४ लाख होनांचा वसूल गेला, म्हणजे चार पंचमांश. आकडे एवढेच सांगत असते तर तह म्हणजे शरणागतीच. परंतु किल्ल्यांचे मोल नगावर मोजता येत नाही. अदलाबदलीचे खेळ खेळणारेही हेच सांगतात: तीन सामान्य खेळाडू मिळून एका असामान्य खेळाडूची बरोबरी होत नाही.

११/ जोडकिल्ल्यांचे गणित तर आणखी निराळे. विसापूर लोहगडाहून उंच आहे. विसापूर शत्रूच्या हाती असेल तर लोहगड सुरक्षित राहत नाही. मार्च १८१८ मध्ये हेच घडले. कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने आधी विसापूर घेतला आणि पाठोपाठ लोहगड फारशा प्रतिकाराविना पडला. वज्रगड आणि पुरंदर यांचेही नाते तसेच. त्यामुळे एप्रिल १६६५ मध्ये वज्रगड पडल्यावर पुरंदरचे मोल आधीच घटले होते. महाराजांनी तहात 'पुरंदर' दिला, तेव्हा प्रत्यक्षात पडायला आलेला किल्ला दिला.

१२/ राखले काय, तेही पाहावे. राखलेल्या बारांत राजधानी राजगड, तोरणा, रायगड आणि लिंगाणा होते. भोरप, म्हणजे सुधागडही होता. यादीतील 'कुवारी' म्हणजे लोणावळ्याच्या दक्षिणेकडचा कोराईगड असे मानले जाते. सह्याद्रीचा दुर्गम गाभा हाती राहिला आणि पुण्याच्या बाजूचे, मोगली फौजेला सहज पोहोचता येणारे किल्ले गेले. राखलेल्यांपैकी रायगडाला पुढे राजधानीचा मान मिळाला, परंतु ती पुढची गोष्ट. १६६५ च्या तराजूत ती घालता येणार नाही.

१३/ तहात आणखी एक कलम होते, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते. विजापूरच्या ताब्यातील तळकोकणचा ४ लाख आणि बालाघाटचा ५ लाख होनांचा मुलूख महाराजांना मिळावा, त्याबदल्यात त्यांनी बादशहाला ४० लाख होन द्यावेत, दरसाल ३ लाखांच्या हप्त्याने. कागदावर हा हिशेब विलक्षण दिसतो. ९ लाखांतून ३ लाखांचा हप्ता वजा जाता ६ लाख उरतात, म्हणजे गेलेल्या ४ लाखांहून अधिक.

१४/ मेख अशी की, तो मुलूख द्यायला बादशहाच्या खिशात नव्हताच. बालाघाट विजापूरकडून लढून घ्यायचा होता. जयसिंगाचा डाव इथे दिसतो. महाराज आणि आदिलशाही यांच्यात कायमचे वैर पेरायचे आणि त्या वैराचा हप्ताही घ्यायचा. दोन्ही पक्षांनी एकच कलम लिहिले आणि त्याची किंमत निराळी लावली. एकाच्या दृष्टीने ते भविष्यातील उत्पन्न होते, दुसऱ्याच्या दृष्टीने विजापूरच्या मोहिमेची पूर्वतयारी.

१५/ गरज कुणाची किती, हेही मोलात धरावे लागते. पुरंदरावर मराठा सरदारांची कुटुंबे अडकली होती. गड लढून पडला असता तर ती मोगलांच्या हाती गेली असती. मुलूख जळत होता, खरिपाची पेरणी तोंडावर आली होती. गेलेला किल्ला पुन्हा घेता येतो, मुरारबाजीसारखा माणूस पुन्हा मिळत नाही. दुसऱ्या बाजूला जयसिंगाला विजापूरकडे वळायचे होते. प्रत्येक गडासाठी एक पावसाळा घालवणे त्याला परवडणारे नव्हते. तेवीस गड न लढता मिळणे हे त्याच्यासाठी खरे मोल होते.

१६/ आता 'सगळे परत मिळाले' हा युक्तिवाद. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाणा परत आला, मार्चमध्ये पुरंदर, मे महिन्यात लोहगड. ही घोडदौड थोरच. मात्र जून १६६५ मध्ये छावणीत बसलेल्या कुणालाही आग्र्याची भेट, १७ ऑगस्ट १६६६ ची सुटका, विजापुरात जयसिंगाला आलेले अपयश किंवा ऑगस्ट १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात झालेला त्याचा मृत्यू दिसत नव्हता. महाराज आग्र्यात अडकून राहिले असते तर हाच तह आज घोडचूक म्हणून शिकवला गेला असता, आणि कलमे तर तीच असती.

१७/ म्हणून पुरंदरविषयी दोन स्वतंत्र निष्कर्ष निघतात. त्या दिवशीच्या माहितीवर तो शहाणा सौदा होता. पडू पाहणारे दिले, टिकणारे राखले, माणसे वाचवली. परंतु तो न्याय्य नव्हता, कारण तो आत्मसंतोषे झालेला नव्हता. तोफा डागल्या जात असताना आणि गावे जळत असताना लिहिलेले खत गोतसभेने मान्य केले नसते. वाईट सौद्यातही शहाणपण असू शकते आणि शहाण्या सौद्यातही अन्याय असू शकतो.

१८/ आता त्याच खोऱ्यात ११४ वर्षे पुढे. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० लढवय्यांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढली. सोबत १९,००० बैल. कर्नल एगर्टन, पुढे कर्नल कॉकबर्न आणि मुलकी बाजूने जॉन कारनॅक. वेग इतका मंद की मराठ्यांना जमवाजमवीस भरपूर अवधी मिळाला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट ठार झाला. मराठ्यांनीही त्याच्या शौर्याची कदर करून त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटले.

१९/ इंग्रज तळेगावास पोहोचले तेव्हा गाव रिकामे आणि जळालेले होते. दाणागोटा मिळू नये म्हणून मराठ्यांनी स्वतःच वाटेवरचा मुलूख ओसाड केला होता. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज माघारी फिरली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजांनी तिला वडगावात कोंडले. या वेळी घेरलेला पक्ष दुसरा होता आणि घेरणारे मराठे होते.

२०/ जानेवारीच्या मध्यावर वडगावचा तह झाला. राघोबादादांनी स्वतःला महादजींच्या स्वाधीन केले होतेच. १७७३ पासून घेतलेला साष्टीसह सर्व मुलूख इंग्रजांनी परत करावा, बंगालहून निघालेली फौज माघारी बोलवावी आणि तोवर दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहावेत, असे ठरले. याखेरीज भडोचचा वाटा महादजींना देण्याचे आणि त्यांच्या माणसांना ४१,००० रुपये वाटण्याचे वेगळे कबूल झाले.

२१/ तिसरा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. खेळाच्या लीगमध्ये सौदा रद्द करण्याचे एक सर्वमान्य कारण असते: संगनमत. एकाने दुसऱ्याला आतून काही देऊन सौदा केला, तर तो इतरांवर अन्याय ठरतो. वडगावात पुणे दरबाराच्या वतीने तह घडवणाऱ्या सरदाराला स्वतंत्र लाभ मिळाला. त्या काळी मध्यस्थाला नजराणा देणे रूढ होते, हे खरे. तरीही तह दरबाराचा आणि भडोच शिंद्यांचे, ही विभागणी नाना फडणवीसांच्या नजरेतून सुटली असेल, असे मानणे कठीण आहे.

२२/ अधिकाराचा प्रश्न त्याहून गंभीर. कारनॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांना असा तह करण्याचा पूर्ण अधिकार नव्हता. तरीही सुटकेसाठी त्यांनी सही केली आणि फौज घाट उतरताच बंगालच्या तुकडीला परत फिरण्याचा हुकूम मागे घेतला. मुंबईने तह नाकारला, कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जनेही नाकारला. एगर्टन, कॉकबर्न आणि कारनॅक यांना कंपनीच्या नोकरीतून काढून टाकण्यात आले. कलकत्त्याने नकाराधिकार वापरण्याची ही पहिली वेळ नव्हती. १७७५ चा मुंबईकरांचा सुरतचा तहही त्यांनी असाच उडवून १७७६ मध्ये पुरंदरचा नवा तह केला होता.

२३/ इंग्रजांची बाजू अशी मांडता येईल: तहावर सही दबावाखाली झाली आणि सही करणाऱ्याला अधिकार नव्हता, म्हणून तह रद्दबातल. ही कसोटी मान्य केली तर पुरंदरचा तहही पहिल्या कारणाने रद्द ठरतो. उलट मराठ्यांची बाजू अशी: तहामुळे कोंडलेली फौज जिवंत सुटली. मोबदला घेतला आणि किंमत नाकारली, तर ती लबाडी आहे. हा मुद्दा दुर्लक्षिता येत नाही. वेढ्यातून सुटका हाच वडगावच्या सौद्यातला इंग्रजांचा हिस्सा होता आणि तो त्यांनी पुरेपूर वसूल केला.

२४/ पुढे राघोबादादा निसटून इंग्रजांकडे गेले, युद्ध चालू राहिले आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली, भडोच शिंद्यांना मिळाले, राघोबादादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक झाली. वडगावातील विजयाने जे मागितले, त्यातील भडोच तेवढे टिकले आणि साष्टी गेली. रणांगणावरचा विजय आणि तहातील विजय यांत किती अंतर असू शकते, हे इथे स्पष्ट दिसते.

२५/ दोन्ही तहांत एक पक्ष मात्र सारखाच राहिला. १६६५ मध्ये लोहगडाच्या घेऱ्यातील गावे शत्रूने जाळली. १७७९ मध्ये तळेगावचा मुलूख आपल्याच सरकारने जाळला. पुरंदरच्या कलमांत होन, किल्ले, मनसब यांचे आकडे आहेत. वडगावच्या कलमांत बेटे, ओलीस, रुपये आहेत. जळालेल्या गावांच्या नावे कोणतेच कलम नाही. ज्यांची गावे जळाली, त्यांची नांगराची निशाणी यांपैकी एकाही कागदावर नाही.

२६/ तेव्हा पुढच्या वेळी पुरंदरवर वाद निघाला तर 'जिंकले की हरले' या प्रश्नाचे तुकडे करावेत. त्या दिवशी कोणाला काय माहीत होते? दिलेल्या वस्तूचे मोल तिच्या जोडीवर, जागेवर आणि गरजेवर किती ठरत होते? सही आत्मसंतोषे होती का? सही करणाऱ्याला अधिकार होता का आणि त्याच्या पदरात वेगळे काही पडले का? आणि किंमत कुणी मोजली? या प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेने जातीलच असे नाही. पुरंदरच्या बाबतीत ती जात नाहीत आणि वडगावच्याही नाहीत.

२७/ लोहगडावरून हा सारा भूगोल एका नजरेत येतो. शेजारी त्याच्याहून उंच विसापूर, दक्षिणेला पवनेच्या पाण्यापलीकडे तुंग आणि तिकोना, उत्तरेला इंद्रायणीच्या खोऱ्यातून वडगाव-तळेगावकडे जाणारी जुनी वाट, जिथून आज लोहमार्ग आणि महामार्ग जातात. दोन्ही तहांचे नकाशे याच खोऱ्यांवर काढले गेले. गडावर चढणाऱ्याने पायथ्याच्या गावांकडेही एकदा पाहावे. (थ्रेड समाप्त)